ठसका लागला? मग तेल चांगलं आहे!

इन्स्टावर हा रील तुम्हीही पाहिला असेल. सकाळची वेळ, पांढरंशुभ्र किचन, ओट्यावर काळपट काचेची उंच बाटली. जिमच्या कपड्यातला एक जण त्यातलं हिरवट तेल शॉट ग्लासमध्ये ओततो, एका दमात घशाखाली ढकलतो आणि खोकतो. एकदा, मग परत एकदा. डोळ्यांत पाणी येतं. मग कॅमेऱ्याकडे बघून हसत म्हणतो, ‘हाय-पॉलिफेनॉल ऑलिव्ह ऑईल, गाईज! खोकला आला म्हणजे ओरिजिनल.’ खाली डिस्काउंट कोड.

कमेंट्समध्ये अर्धी जनता ‘ओव्हरअॅक्टिंग’ म्हणून हसत असते, उरलेली अर्धी ‘लिंक प्लीज’ म्हणत असते. गंमत अशी, की त्या पूर्ण रीलमध्ये सगळ्यात खरी गोष्ट कुठली असेल तर तो खोकलाच. बाकीच्या दाव्यांत तेल किती आणि पाणी किती, हे जरा मोजून घ्यावं लागतं. म्हणून आपण ठसक्यापासूनच सुरुवात करू.

सर्दीच्या औषधाची चव

साल १९९९. इटलीच्या सिसिली बेटावर एरिचे नावाचं डोंगरमाथ्यावरचं जुनं गाव आहे. तिथे पदार्थांमागच्या विज्ञानावर एक कार्यशाळा भरली होती. अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाच्या मोनेल केमिकल सेन्सेस सेंटरचे गॅरी बोशॅम्प तिथे गेले होते. चव आणि वास हाच त्यांच्या संशोधनाचा विषय. सहभागींपैकी एकानं आपल्याच झाडांच्या फळांचं ताजं ऑलिव्ह तेल आणलं होतं. बोशॅम्प यांनी ते चाखलं, गिळलं आणि घशात एक विचित्र झोंबरी खवखव सुरू झाली. जिभेला तिखट काही लागलं नव्हतं, ओठही चुरचुरत नव्हते. झोंबत होता तो फक्त घसा.

दुसऱ्या कुणी ‘तेल कडक आहे हं’ म्हणून पाणी प्यायलं असतं. पण बोशॅम्प यांना ही खवखव ओळखीची वाटली. त्यांच्या संस्थेत सर्दीच्या पातळ औषधात आयबुप्रोफेन घालून बघण्याचं काम झालं होतं, आणि चव बघणाऱ्या लोकांची तक्रार नेमकी हीच होती, की औषध घशात झोंबतं. आयबुप्रोफेन म्हणजे डोकेदुखी, पाठदुखीला आपण जी गोळी घेतो, त्यातलं औषध. एका फळाच्या तेलात आणि कारखान्यात बनलेल्या गोळीत एकच झोंबणं कसं काय?

घरी परतल्यावर त्यांनी आणि सहकाऱ्यांनी त्या तेलातला झोंबणारा रेणू वेगळा काढला. मग तोच रेणू प्रयोगशाळेत कृत्रिमरीत्या तयार केला आणि अगदी बेचव मक्याच्या तेलात मिसळून पाहिला. ते तेलही झोंबलं! म्हणजे चोर सापडला. त्याचं नाव ठेवलं ओलिओकँथाल. ‘ओलिओ’ म्हणजे ऑलिव्ह, ‘कँथ’ म्हणजे टोचणं आणि शेवटचं ‘आल’ हे त्याच्या रासायनिक जातीचं, अल्डिहाइडचं. २००५मध्ये ‘नेचर’मध्ये हे संशोधन छापून आलं. आयबुप्रोफेन शरीरातल्या ज्या कॉक्स नावाच्या एन्झाइमना रोखून दाह कमी करतं, त्यांनाच ओलिओकँथालही रोखतं, असं त्यात दाखवलं होतं.

रीलवाले इथपर्यंत सांगतात आणि थांबतात. त्याच शोधनिबंधात पुढे एक हिशेबही आहे. दिवसाला ५० ग्रॅम, म्हणजे जवळजवळ चार टेबलस्पून असं ठसकेबाज तेल खाल्लं, तर वेदनाशमनासाठी मोठ्या माणसाला दिल्या जाणाऱ्या आयबुप्रोफेनच्या डोसच्या साधारण १० टक्के इतकाच परिणाम अपेक्षित आहे. तेव्हा परीक्षेच्या आदल्या रात्री डोकं दुखतंय म्हणून तेल पिऊ नका. संशोधकांचा मुद्दा वेगळाच होता. भूमध्य समुद्राभोवतीचे लोक हे तेल रोज, वर्षानुवर्षं खातात. रोजच्या त्या छोट्या डोसचा दीर्घकाळात काही उपयोग होत असेल का, हा त्यांचा प्रश्न होता.

आणि फक्त घसाच का? त्याचंही उत्तर २०११मध्ये याच मंडळींच्या गटाकडून आलं. आपल्या चेतातंतूंवर टीआरपीए-१ नावाचा एक ग्राहक असतो. ओलिओकँथाल नेमकं त्यालाच छेडतं, आणि तोंडाच्या मानानं घशाच्या मागच्या भागात तो जास्त आहे. आता हाच ग्राहक आपल्या ओळखीचा कसा, तर मोहरी! लोणच्यासाठी मोहरी फेसताना नाकात ज्या झिणझिण्या येतात, त्यातही हाच टीआरपीए-१ जागा झालेला असतो. मोहरीचा तिखटपणा हवेत उडणारा, म्हणून नाकात जातो. ओलिओकँथाल तेलातच राहतं, म्हणून गिळताना घसा पकडतं. आपल्या भाषेत तर या अनुभवाला नेमका शब्द आहे, ठसका. इटलीत तेल चाखणारी मंडळी ‘एका खोकल्याचं तेल’, ‘दोन खोकल्यांचं तेल’ अशी प्रतवारी गमतीत करतात. आपण एक ठसकी, दोन ठसकी म्हणू.

कडू फळाची कमाई

हे पॉलिफेनॉल प्रकरण झाडासाठी काय कामाचं? संरक्षणाचं. किडे, बुरशी, कडक ऊन यांच्यापासून वाचण्यासाठी बऱ्याच वनस्पती असले रेणू बनवतात. चहा जास्त उकळला की जिभेला जो तुरटपणा जाणवतो, तीही पॉलिफेनॉल्सच. ऑलिव्हच्या फळात ओल्युरोपीन नावाचं अतिशय कडू रसायन भरलेलं असतं. पिझ्झावरचे ऑलिव्ह बघून कुणी झाडावरचं ताजं फळ तोंडात टाकलं तर ते लगेच थुंकेल. मिठाच्या पाण्यात आठवडे-महिने मुरवल्याशिवाय ते खाण्यालायक होत नाही.

तेल काढताना मात्र वेगळं घडतं. फळ चिरडलं की पेशी फुटतात, आतलं एन्झाइम ओल्युरोपीन आणि त्याच्या भावंडांना गाठतं आणि त्यातून ओलिओकँथाल, ओलिअॅसिन असे नवे रेणू तयार होतात. परत मोहरीच आठवा. अख्खी मोहरी चावली तर फारसं काही होत नाही, पाणी घालून फेसली की मगच ती भडकते. दोन्हीकडे खेळ तोच, चिरडल्यावर जागं होणाऱ्या एन्झाइमचा.

मग प्रत्येक ऑलिव्ह तेलात हे रेणू सारखेच का नसतात? एक तर जात. इटलीच्या पुलिया भागातली कोरातीना, स्पेनच्या हाएन प्रांतातली पिक्वाल, ग्रीसची बारीक फळांची कोरोनेकी या जाती पॉलिफेनॉल्सच्या बाबतीत श्रीमंत. स्पेनचीच आर्बेकिना मात्र मवाळ, गोडसर, लोण्यासारखी. हापूस आणि पायरीत फरक असतो तसाच हा फरक आहे.

जातीपेक्षाही मोठा भाग आहे तोडणीच्या वेळेचा, आणि इथे शेतकऱ्याच्या खिशाचा प्रश्न येतो. ऑलिव्ह झाडावर पिकत जातं तसं त्यात तेल वाढतं आणि पॉलिफेनॉल्स घटतात. ऑक्टोबरमध्ये हिरवी, टणक फळं तोडली तर तेल झणझणीत निघतं, पण कमी निघतं. साधारण दहा किलो फळांमागे एक लिटर. तीच फळं काळीभोर होईपर्यंत थांबलं तर पाच किलोंतही लिटरभर मिळून जातं. म्हणजे लवकर तोडणाऱ्यानं ठरवून अर्धं तेल सोडून दिलेलं असतं. ही बाटली महाग का, याचं अर्धंअधिक उत्तर इथेच आहे.

उरलेलं उत्तर गिरणीत आहे. ‘कोल्ड प्रेस्ड’ म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे बैलाचा लाकडी घाणा येतो, पण आजच्या बहुतेक ऑलिव्ह गिरण्यांत प्रेस नसतोच, असतात स्टीलची यंत्रं. फळांचा लगदा करायचा, तो हळूहळू घुसळत राहायचा, म्हणजे तेलाचे बारीक थेंब एकमेकांना भेटून मोठे होतात, आणि मग सेंट्रिफ्यूजमध्ये गरगर फिरवून तेल वेगळं करायचं. लगदा गरम केला की तेल जास्त सुटतं, पण सुगंध आणि पॉलिफेनॉल्स जातात. म्हणून युरोपच्या नियमाप्रमाणे ‘कोल्ड एक्स्ट्रॅक्शन’ लिहायचं असेल तर तापमान २७ अंशांच्या खाली ठेवावं लागतं. तेवढं सांभाळूनही या रेणूंचा मोठा हिस्सा चोथ्यात आणि सांडपाण्यात निघून जातो. कारण त्यांना तेलापेक्षा पाणी जास्त आवडतं. शेवटी तेलात उतरतो तो अगदी थोडा वाटा. त्या थोड्यासाठीच हा एवढा खटाटोप.

आपण विकत घेतो ते काय?

आता जरा आपल्या सुपरमार्केटच्या शेल्फसमोर उभे राहा. तिथे ‘ऑलिव्ह ऑईल’ नावाची चार-पाच वेगवेगळी तेलं असतात आणि आपल्याकडच्या बहुतेक घरांत ती एकच समजली जातात.

सगळ्यात वरचं एक्स्ट्रा व्हर्जिन. फळ चिरडून, फक्त यांत्रिक पद्धतीनं काढलेला रस म्हणा ना. त्यातली मुक्त आम्लता ०.८ टक्क्याच्या आत लागते आणि प्रशिक्षित चाखणाऱ्यांच्या पॅनेलला त्यात एकही दोष सापडता कामा नये. त्याखाली व्हर्जिन, आम्लता २ टक्क्यांपर्यंत. आणखी खालच्या प्रतीला इटलीत ‘लांपांते’ म्हणतात, म्हणजे दिव्याचं तेल. पूर्वी ते खरोखरच दिव्यात जळायचं. आज ते रिफायनरीत जातं. तिथे त्याचा वास, रंग, आम्लता सगळं काढून टाकतात आणि त्याबरोबर पॉलिफेनॉल्सही जवळपास संपतात. अशा रिफाइंड तेलात थोडं व्हर्जिन मिसळलं की ‘प्युअर’ किंवा नुसतंच ‘ऑलिव्ह ऑईल’ तयार होतं. ‘प्युअर’ या शब्दानं किती जणांना गंडवलं असेल, देव जाणे.

‘एक्स्ट्रा लाइट’ हा त्याहून भारी प्रकार. डाएटवाल्या मंडळींची ही लाडकी बाटली. पण लाइट आहे ती चव आणि रंग. कॅलरीज एका ग्रॅमला नऊ, इतर कुठल्याही तेलात असतात तितक्याच. आणि शेवटी पोमेस. पोमेस म्हणजे तेल काढून झाल्यावर उरलेला चोथा, आपल्या भाषेत पेंड. त्या पेंडीत अडकलेलं तेल हेक्झेनसारख्या द्रावकानं काढायचं आणि रिफाइन करायचं. ‘इंडियन कुकिंगसाठी खास’ असं म्हणून आपल्याकडे बरंच काही खपवलं जातं, त्यात हे असतं.

पोमेस म्हणजे विष नव्हे. त्यातली फॅटी अॅसिड्स बरीचशी ऑलिव्हचीच असतात, पुऱ्या छान तळून निघतात. प्रश्न एवढाच, की बाटलीवर ऑलिव्हची फांदी बघून तुम्ही ज्या गोष्टीसाठी जास्त पैसे मोजता, ती गोष्ट त्यात उरलेलीच नसते. या हिशेबानं चांगलं शेंगदाणा तेल काय वाईट? तेही निम्म्याच्या आसपास मोनोअनसॅच्युरेटेडच असतं आणि वरणाला चवही देतं.

पुरावा किती, बडबड किती

पॉलिफेनॉल्समुळे खरंच फरक पडतो का, हे तपासायचं तर तेल तेच ठेवून फक्त पॉलिफेनॉल्स कमी-जास्त करायला हवीत. युरोपातल्या ‘युरोलिव्ह’ अभ्यासानं तेच केलं. सहा केंद्रांतल्या २०० निरोगी पुरुषांना रोज २५ मिलिलिटर ऑलिव्ह तेल दिलं. तीन प्रकारचं, प्रत्येक प्रकार तीन आठवडे. एकात किलोमागे जेमतेम २.७ मिलिग्रॅम पॉलिफेनॉल्स, दुसऱ्यात १६४, तिसऱ्यात ३६६. निकाल २००६मध्ये आला. पॉलिफेनॉल्स जितकी जास्त, तितकं ‘चांगलं’ म्हणवलं जाणारं एचडीएल कोलेस्टेरॉल थोडं वाढलेलं आणि ऑक्सिडाइज्ड एलडीएल घटलेलं.

हे ऑक्सिडाइज्ड एलडीएल म्हणजे काय? डब्यातले जुने शेंगदाणे किंवा खोबरं खवट होतं ते हवेतल्या ऑक्सिजनमुळे. रक्तातून चरबी वाहून नेणाऱ्या एलडीएलच्या कणांचंही तसंच काहीसं होतं. ते ‘खवटलेले’ कण धमन्यांच्या भिंतीत साचायला लागले की पुढचा त्रास सुरू होतो. पॉलिफेनॉल्स हा खवटपणा रोखायला मदत करतात.

आता ‘थोडं वाढलं’ म्हणजे किती, तेही पाहू. सगळ्यात जोरदार तेलानं एचडीएल सरासरी ०.०४५ मिलिमोल वाढलं. आपल्या लॅब रिपोर्टच्या भाषेत साधारण पावणेदोन अंक. रिपोर्टमध्ये ४५ असेल तर ४७च्या अलीकडे. आहे, पण चमत्कार नाही.

युरोपीय संघानं याच धर्तीवरच्या पुराव्यांवरून २०१२मध्ये एक वाक्य बाटलीवर छापायला परवानगी दिली. ऑलिव्ह तेलातली पॉलिफेनॉल्स रक्तातल्या स्निग्ध पदार्थांचं ऑक्सिडेटिव्ह ताणापासून संरक्षण करायला हातभार लावतात, असा त्याचा आशय. अट अशी, की २० ग्रॅम तेलात हायड्रॉक्सीटायरोसॉल आणि त्याच्या कुळातले रेणू मिळून किमान ५ मिलिग्रॅम हवेत, आणि रोज २० ग्रॅम तेल पोटात गेलं तरच हा फायदा, असंही सांगायला हवं. म्हणजे किलोमागे २५० मिलिग्रॅम. ‘हाय-पॉलिफेनॉल’ अशी वेगळी प्रत इंटरनॅशनल ऑलिव्ह कौन्सिलच्या मानकात नाही. आकड्याला कायद्याचा काही आधार असेल तर तो हा २५०चा.

याहून महत्त्वाचं म्हणजे त्याच वेळी आणखी बरेच दावे तपासायला आले होते. रक्तदाब आटोक्यात राहतो, दाह कमी होतो, पचन सुधारतं, प्रतिकारशक्ती वाढते, एचडीएल टिकून राहतं. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं यातला एकही दावा सिद्ध झाला असं मानलं नाही. एचडीएलचासुद्धा नाही. रीलमधली यादी काढा आणि या नापास दाव्यांच्या शेजारी ठेवून बघा, मजा येईल.

तरीही मोठा अभ्यास आहेच. स्पेनमधला ‘प्रेडिमेड’. हृदयविकाराचा धोका जास्त असलेले ७,४४७ लोक, वय ५५ ते ८०. काहींना भूमध्य आहाराबरोबर एक्स्ट्रा व्हर्जिन तेल फुकट, काहींना सुकामेवा, काहींना फक्त चरबी कमी करायचा सल्ला. २०१३मध्ये निष्कर्ष आला, की पहिल्या दोन गटांत हार्ट अटॅक, स्ट्रोक अशा घटना सुमारे ३० टक्क्यांनी कमी. जगभर हेडलाइन्स झाल्या. मग २०१८मध्ये हाच निबंध मागे घ्यावा लागला! कुणाला कुठल्या गटात टाकायचं हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं यादृच्छिक ठरायला हवं होतं, पण एका ठिकाणी पूर्ण दवाखान्यांनाच एक गट दिला गेला होता आणि काही घरांत नवरा-बायको एकाच गटात होते. चुका धरून सगळं गणित परत केलं, निबंध नव्यानं छापला. निष्कर्ष साधारण तोच राहिला, भाषा मात्र सौम्य झाली. स्टॅट्स शिकणाऱ्यांनी ही केस जरूर वाचावी, सिलॅबसमधल्या उदाहरणांपेक्षा बरी आहे.

पण त्या स्पॅनिश आजी-आजोबांनी शॉट मारले नव्हते. त्यांनी तेल सॅलडवर घातलं, भाज्या त्यात परतल्या, ब्रेडवर ओतलं. दुसऱ्या कुठल्या तरी स्निग्ध पदार्थाच्या जागी ते आलं. तुम्ही मात्र मेसचं जेवण, वडापाव, रात्रीचा चायनीज सगळं तसंच ठेवून वर २० ग्रॅम तेल प्यायलात, तर खात्यात १८० कॅलरीज जमा होतील. दोन पोळ्यांइतक्या.

भुरका मारून बघा

समजा, घ्यायचंच ठरवलं, तर लेबलवर काय बघायचं? मोठ्या अक्षरातलं ‘एक्स्ट्रा व्हर्जिन’ ही फक्त सुरुवात. मागे वळवा आणि तोडणीची तारीख, म्हणजे हार्वेस्ट डेट शोधा. एक्सपायरी डेट कंपनी स्वतः पुढची टाकू शकते. तोडणीचं तसं नाही. पॉलिफेनॉल्स बाटलीत बसल्या बसल्याही घटत जातात. लेबलवर ६०० लिहिलं असेल तर ते चाचणीच्या दिवशीचे ६००. दीड वर्ष उजेडात उभ्या राहिलेल्या बाटलीत तेवढे उरलेले नसतात.

आकड्यांची तुलना करतानाही सांभाळून. पॉलिफेनॉल्स मोजायच्या पद्धती अनेक आहेत. अथेन्स विद्यापीठातल्या प्रोकोपिओस मागियाटिस, एलेनी मेलिऊ आणि सहकाऱ्यांनी २०१२मध्ये एनएमआर वापरून थेट ओलिओकँथाल मोजायची रीत मांडली. बऱ्याच प्रयोगशाळा एचपीएलसी वापरतात, काही जण जुनी रंगावरून मोजायची चाचणी करतात. एकाच तेलाला तीन पद्धतींत तीन आकडे येऊ शकतात. तेव्हा एका कंपनीचे ८०० आणि दुसरीचे ४०० यावरून पहिली दुप्पट चांगली असं होत नाही. कुठल्या पद्धतीनं, कुठल्या महिन्यात मोजलं हे न सांगणारा आकडा मी तरी जाहिरातच समजते.

लेबलपेक्षा भरवशाचं यंत्र तुमच्याकडे आहे. अधिकृत पॅनेलमध्ये आठ ते बारा जण निळ्या काचेच्या ग्लासातून तेल चाखतात. निळ्या अशासाठी, की रंग दिसू नये. हिरवं म्हणजे भारी, हा समज चुकीचा आहे. तेल २८ अंशांपर्यंत कोमट करतात, आपल्याकडे ते बहुतेक महिने आपोआप होतं. वास घ्यायचा, मग छोटा घोट घेऊन हवेसकट आत ओढायचा. थोडक्यात भुरका. घरी कढीचा भुरका मारला की ओरडा बसतो, इथे तीच शास्त्रोक्त पद्धत आहे.

पॅनेल तीन गोष्टींना चांगले गुण देतं. ताज्या फळाचा वास, कडूपणा आणि घशातली झोंब. हो, कडू आणि झोंबरं हे दोष नव्हेत, नियमानुसार गुण आहेत. पाडव्याला कडुनिंब चघळणाऱ्यांना हे पटायला हरकत नसावी. दोषांसाठी तर आपल्याकडे शब्दांची तयारीच आहे. खवट, बुरसट, कोंदट, आंबूस. ओल्या गवताचा, कच्च्या टोमॅटोच्या पानाचा वास आला तर छान. डब्यात विसरलेल्या दाण्यांचा आला तर बाटलीवर काहीही छापलेलं असो, ते एक्स्ट्रा व्हर्जिन उरलेलं नाही. चाखल्यावर काहीच जाणवलं नाही, नुसतं गुळगुळीत गेलं, तर ती मवाळ जात असेल किंवा तेल जुनं झालं असेल. दोन्ही बाबतींत ‘हाय-पॉलिफेनॉल’चे जादा पैसे देऊ नका. फ्रीजमध्ये गोठलं तर अस्सल, ही व्हॉट्सअॅपवरची चाचणी मात्र सोडून द्या, ती काहीच सिद्ध करत नाही.

फसवणूक होते का? होते. पण बाटलीतली गडबड दर वेळी भेसळीचीच असते असं नाही. २०१०मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या ऑलिव्ह केंद्रानं तिथल्या दुकानांतली तेलं तपासली. एक्स्ट्रा व्हर्जिन म्हणून विकलेल्या आयात नमुन्यांपैकी ६९ टक्के चव-वासाच्या निकषांवर नापास झाले. या अभ्यासाला काही पैसा कॅलिफोर्नियाच्याच तेल उत्पादकांचा होता, हे लक्षात ठेवून वाचा. तरी कारणांमध्ये रिफाइंड तेलाच्या मिश्रणाबरोबरच उष्णता, उजेड आणि म्हातारं झालेलं तेल होतं. भारतात येणारी बाटली जहाजानं येते, गोदामात थांबते आणि मग ट्यूबलाइटखाली उभी राहते. त्यात २०२२-२३च्या हंगामात दुष्काळानं स्पेनचं उत्पादन निम्म्याहून खाली आलं आणि जगभर भाव विक्रमी चढले. भाव चढले की मिसळणाऱ्याचा मोह वाढतोच.

राहिला खिशाचा प्रश्न. रोज २० ग्रॅम या हिशेबानं अर्ध्या लिटरची बाटली तीन आठवड्यांच्या थोडी पुढे जाते. हाय-पॉलिफेनॉल म्हणून विकली जाणारी बाटली सहज हजाराच्या पुढे. पीजीत राहून महिन्याला एवढे पैसे फक्त तेलावर घालवायचे की फळं, अंडी, डाळ आणि मूठभर दाण्यांवर, यात मला तरी फारसा पेच दिसत नाही. चहा, आवळा, जांभूळ, कांदा यांत पॉलिफेनॉल्सची वेगवेगळी भावंडं आहेतच. ऑलिव्हच्या तेलाचा दावा त्यांना लावता येणार नाही, पण ती रोजच्या जेवणात येतात आणि डिस्काउंट कोड लागत नाही.

ज्यांना परवडतं त्यांनी सगळ्यात छोटी, गडद काचेची बाटली घ्यावी. कोशिंबीर, उकडलेले चणे, टोस्ट, गरम सूप यांवर शेवटी कच्चंच घालावं. परतायला वापरलं तर काही बिघडत नाही, एक्स्ट्रा व्हर्जिन बऱ्यापैकी उष्णता सोसतं, पण ज्या रेणूंसाठी पैसे दिले त्यातले बरेच कढईत जातात. बाटली गॅसशेजारी आणि खिडकीत ठेवू नका, झाकण घट्ट लावा आणि एकदा उघडली की दोनेक महिन्यांत संपवा. पाहुण्यांसाठी राखून ठेवायची ही वस्तू नव्हे. स्पेन, इटली, ग्रीसचं नवं तेल ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून निघतं आणि दुकानात यायला पुढचे काही महिने लागतात. चिले, ऑस्ट्रेलियात हंगाम साधारण एप्रिल ते जून. म्हणून पावसाळा संपताना घेत असाल तर दक्षिण गोलार्धातली बाटली बऱ्याचदा जास्त ताजी निघते, तारीख बघून घ्या.